घरचा आकाशकंदील खरंच स्वस्त पडतो का? २४ काड्या, ६ चौकोन आणि दरवर्षी चालणारा सांगाडा

दसरा झाला की मोबाईलच्या स्क्रीनवर कंदील दिसायला लागतात. '१० मिनिटांत आकाशकंदील', 'टाकाऊतून टिकाऊ', 'फक्त घरातल्या वस्तूंपासून'. व्हिडिओ ४० सेकंदांचा असतो आणि सगळं अगदी सोपं वाटतं.

पण तो पाहून सामानाची यादी करायला बसलं की वेगळंच चित्र दिसतं. ग्लू गन, तिच्या कांड्या, चमचमणाऱ्या फोमच्या शीट, सॅटिनची रिबन, मोत्यांची माळ, आरसे. यातलं निम्मं घरात नसतं. विकत आणलं की त्या पैशांत बाजारातून दोन तयार कंदील आले असते. आणि दिवाळी संपल्यावर हा घरचा कंदीलही कचऱ्यातच जातो.

मग घरी बनवलेला कंदील खरंच स्वस्त पडतो का?

पडतो, पण एका अटीवर. कंदिलाचा सांगाडा दरवर्षी पुन्हा वापरता आला पाहिजे. बांबूच्या कामट्या आणि पतंगी कागदाचा जुना मराठी कंदील नेमका तसाच असतो. सांगाडा तोच, कागद दरवर्षी नवा. तो कसा बनवायचा, किती सामान लागतं, दिवा कोणता लावायचा आणि दिवाळीनंतर तो लहानशा घरात ठेवायचा कुठे, हे सगळं समजून घेऊया.

आकाशकंदील आला कुठून?

कार्तिक महिन्यात उंच काठीच्या टोकाला दिवा टांगायची प्रथा जुनी आहे. त्याला 'आकाशदीप' म्हणतात. पितरांना वाट दिसावी म्हणून हा दिवा, अशी त्यामागची श्रद्धा. काशीच्या घाटांवर कार्तिकात बांबूच्या टोकाला टोपल्यांमध्ये लावलेले आकाशदीप आजही दिसतात.

महाराष्ट्रात आणि गोव्यात या दिव्याला कागदाचं घर मिळालं आणि तो घराच्या दारात, गॅलरीत, चाळीच्या कठड्यावर आला. मुंबईत माहीमची कंदील गल्ली दिवाळीच्या आधी कंदिलांनी भरून जाते. गोव्यात या दिवसांत ठिकठिकाणी आकाशकंदील स्पर्धा होतात आणि त्यात घरी, हाताने केलेल्या कंदिलांना मान असतो.

आपल्याकडे पारंपरिक म्हणून जो कंदील ओळखला जातो, त्याला चौकोनी आणि त्रिकोणी बाजू असतात आणि खाली झिरमिळ्या सोडलेल्या असतात. तो दिसायला अवघड वाटतो. पण त्यामागचं गणित कळलं की चौथी-पाचवीतलं मूलही तो मोठ्यांच्या मदतीने करू शकतं.

आधी हे पाहा: काय वापरायचं नाही?

अनेक व्हिडिओंमध्ये प्लास्टिकचे ग्लास, स्ट्रॉ किंवा थर्माकोल वापरून कंदील करतात. यात दोन अडचणी आहेत.

पहिली कायद्याची. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी घालणारी अधिसूचना काढली. त्यानंतर १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. त्या यादीत प्लास्टिकचे कप, ग्लास, स्ट्रॉ आहेत आणि सजावटीसाठीचा थर्माकोलही आहे. म्हणजे 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणून नवीन ५० प्लास्टिकचे ग्लास आणायचे, तर मुळात ती वस्तूच विकायला बंदी आहे.

दुसरी अडचण आगीची. थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन. त्यात बहुतेक हवाच असते. उष्णता लागली की ते वितळतं, पेट घेतं आणि काळा धूर सोडतं. दिव्याच्या जवळ ते ठेवायची वस्तूच नव्हे.

घरात आधीपासून पडून असलेल्या वस्तू वापरायला हरकत नाही. जुन्या लग्नपत्रिका, साडीची जरीची पट्टी, भेटवस्तूंवरचा कागद, पुठ्ठा हे सगळं कामाला येतं. फक्त 'टाकाऊ' वस्तू विकत आणायला लागली, तर ती टाकाऊ राहिली नाही, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

सामान किती आणि कोणतं?

भाव गावागणिक आणि दुकानागणिक बदलतात. म्हणून इथे किमतीऐवजी नग दिले आहेत.

एकदाच घ्यायचं सामान:

• १५ सेंटीमीटर (साधारण अर्धा फूट) लांबीच्या २४ काड्या. जाडी ३ ते ४ मिलिमीटर.
• २१ सेंटीमीटर लांबीच्या २ काड्या.
• जाड पांढरा दोरा.
• बल्बचा होल्डर, अखंड वायर आणि प्लग.
• ५ ते ७ वॉटचा एक एलईडी बल्ब.
• टांगायला सुतळी किंवा नायलॉनची दोरी.

दरवर्षी लागणारं सामान:

• पतंगी कागदाचे ३ ताव: एक चौकोनांसाठी, एक त्रिकोणांसाठी, एक झिरमिळ्यांसाठी.
• दोन मोठे चमचे मैदा किंवा कणीक.
• कडांना लावायला सोनेरी कागदाची पट्टी. नसली तरी चालते.

काड्या कुठे मिळतील? बांबूचं काम करणाऱ्या बुरुडांकडे कामट्या मिळतात. पुण्यात तर बुरूड आळी अजून त्याच नावाने ओळखली जाते. दिवाळीच्या आधी स्टेशनरीच्या अनेक दुकानांतही कामट्यांच्या जुड्या येतात. त्या मिळाल्या नाहीत तर कबाब भाजायच्या बांबूच्या काड्या घ्या. त्या १२ इंची, म्हणजे ३० सेंटीमीटरच्या असतात. १२ काड्या मधोमध कापल्या की बरोबर २४ तयार. मात्र त्या काड्या बारीक असतील तर दोन-दोन एकत्र बांधा.

बांबूचं कुसळ हातात फार वाईट शिरतं. म्हणून मुलांच्या हातात काड्या देण्याआधी प्रत्येक काडीवरून पॉलिश पेपर फिरवा. कापायचं कामही मोठ्यांनीच करायचं.

खळ कशी करायची?

पूर्वी पतंग, कंदील, वह्यांची कव्हरं सगळं खळीनेच चिकटायचं. ती आजही बाटलीतल्या गोंदापेक्षा पतंगी कागदाला जास्त चांगली. ती पातळ पसरते, वाळल्यावर डाग कमी दिसतो आणि पुढच्या वर्षी ओल्या फडक्याने पुसली की काडीवरून निघते.

दोन मोठे चमचे मैदा अर्धी वाटी गार पाण्यात कालवा. गुठळी राहू देऊ नका. त्यात एक वाटी उकळतं पाणी ओता आणि मंद आचेवर सतत ढवळत राहा. तीन-चार मिनिटांत मिश्रण दाटसर होतं आणि त्याचा पांढरेपणा कमी होऊन चकाकी येते. झाली खळ. गार झाल्यावर वापरायची. फ्रिजमध्ये दोन दिवस राहते.

कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत होती. ती टाळा. मोरचूद विषारी आहे आणि कंदील करताना मुलांचे हात तोंडात जातातच. कागद दरवर्षी बदलायचा असल्यामुळे त्याची गरजही नाही.

सांगाडा: ६ चौकोन, १२ गाठी

आता मुख्य काम. या कंदिलाचं गणित सोपं आहे: ६ सारखे चौकोन करा आणि कोपऱ्याला कोपरा जोडा. मधले ८ त्रिकोण आपोआप तयार होतात. भूमितीत या आकाराला 'क्यूबऑक्टाहेड्रॉन' म्हणतात. नाव विसरलात तरी कंदील होतो.

पायरी १. चार काड्यांचा एक, असे ६ चौकोन बांधा. प्रत्येक कोपऱ्यावर दोऱ्याचे चार-पाच वेढे देऊन पक्की निरगाठ मारा. या गाठी सोडायच्या नाहीत, म्हणून वर फेविकॉलचा एक थेंब टाकला तरी चालेल.

पायरी २. चौकोन तिरका झाला नाही ना ते पाहा. आडवी-तिडवी दोन्ही अंतरं मोजा. दोन्ही साधारण २१ सेंटीमीटर आली पाहिजेत. एक जास्त आणि एक कमी आलं, तर चौकोन कलला आहे. हलक्या हाताने सरळ करा.

पायरी ३. दोन चौकोनांत एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत २१ सेंटीमीटरची एक-एक काडी बांधा. यातला एक चौकोन कंदिलाच्या वर येईल, दुसरा खाली. यांना कागद लावायचा नाही.

पायरी ४. उरलेल्या चार चौकोनांना सुटे असतानाच, टेबलावर सपाट ठेवून कागद लावा. चौकोनाच्या मापापेक्षा सगळीकडून एक सेंटीमीटर जास्त, म्हणजे १७ बाय १७ सेंटीमीटरचा तुकडा कापा आणि त्याचे चारही कोपरे थोडे छाटा, म्हणजे गाठीसाठी जागा राहील. खळ कागदाला लावू नका, काडीला लावा. पतंगी कागदाचा रंग ओलाव्याने उतरतो आणि भिजलेला कागद फाटतो. कडा काडीवरून आत दुमडा आणि वाळू द्या.

अनेकजण आधी पूर्ण सांगाडा उभा करतात आणि मग कागद चिकटवायला बसतात. तिथेच घोळ होतो. नुसत्या काड्यांचा हा सांगाडा डुगडुगतो, हातात पिरगळतो. चार बाजूंना आधी कागद लावला की त्या चौकोनांना ताठपणा येतो आणि पुढचं काम निम्मं सोपं होतं.

पायरी ५. कागद लावलेले चार चौकोन शंकरपाळ्यासारखे, म्हणजे एक कोपरा वर आणि एक खाली असे धरा. त्यांचे आडवे कोपरे एकमेकांना बांधून गोल पूर्ण करा. इथे ४ गाठी झाल्या.

पायरी ६. आता वर चार टोकं दिसतील. वरचा चौकोन त्यांवर ठेवून चारही कोपरे बांधा. खाली तसंच करा. आणखी ८ गाठी. एकूण १२.

या १२ गाठी मात्र सुरगाठी मारा, म्हणजे ओढल्या की सुटतील अशा. का, ते पुढे येईलच.

पायरी ७. वर चार आणि खाली चार, असे ८ त्रिकोण रिकामे दिसतील. त्यांच्या मापाचे, सगळीकडून एक सेंटीमीटर जास्त घेऊन त्रिकोण कापा आणि चिकटवा. चौकोन एका रंगाचे आणि त्रिकोण दुसऱ्या रंगाचे घेतले की दिवा लागल्यावर आकार उठून दिसतो. पिवळा-लाल, पांढरा-गुलाबी, पिवळा-हिरवा या जोड्या छान दिसतात. गडद निळा आणि जांभळा दिवसा सुंदर वाटतात, पण रात्री त्यांतून उजेड फार कमी येतो.

ताव साधारण ५० बाय ७५ सेंटीमीटरचा असेल, तर एका तावात चार चौकोन आरामात बसतात. दुसऱ्या तावातून १६ सेंटीमीटर रुंदीच्या दोन लांब पट्ट्या कापा आणि एक त्रिकोण सुलटा, एक उलटा असे आखा. आठही निघतात.

तयार कंदील उंचीला साधारण २१ सेंटीमीटर आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ३० सेंटीमीटर होतो. फ्लॅटच्या गॅलरीला हे माप पुरतं. दुप्पट मोठा हवा असेल तर सगळ्या काड्या दुप्पट लांबीच्या घ्या. मात्र कागद चौपट लागेल आणि काड्याही जाड घ्याव्या लागतील.

पायरी ८. झिरमिळ्यांसाठी तिसऱ्या तावाचे चार लांब तुकडे करा. प्रत्येक तुकड्याच्या वरच्या चार सेंटीमीटर जागेला कात्री न लावता खाली दीड-दोन सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा. वरचा भाग गुंडाळून दोऱ्याने बांधा आणि कंदिलाच्या खालच्या चार कोपऱ्यांना एक-एक टांगा. सोनेरी पट्टी असेल तर कडांवर लावा. काड्या झाकल्या जातात आणि चिकटवण्यातल्या चुकाही.

दिवा: इथे मात्र काटकसर नको

कागद, बांबू आणि वीज एकत्र आली की थोडी काळजी घ्यावीच लागते.

जुना पिवळा बल्ब, म्हणजे तारेचा, कंदिलात लावू नका. त्याला मिळालेल्या विजेपैकी बहुतांश विजेची उष्णता होते, उजेड थोडाच पडतो. तासन् तास तापणारा ६० वॉटचा बल्ब पतंगी कागदाजवळ असणं धोक्याचं आहे. ५ ते ७ वॉटचा एलईडी या मापाच्या कंदिलाला पुरतो. पिवळसर उजेडाचा, म्हणजे 'वॉर्म व्हाइट' घेतला तर कागदाचे रंग खुलतात.

फरक बिलातही दिसतो. वसुबारसेपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत २० दिवस, रोज ६ तास दिवा लावला असं धरू. ६० वॉटच्या बल्बला ७.२ युनिट वीज लागते. ७ वॉटच्या एलईडीला ०.८४ युनिट, म्हणजे एका युनिटपेक्षाही कमी.

एलईडीचाही मागचा भाग तापतोच. म्हणून वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा. गरम हवा वर निघून जाते. बल्ब कंदिलाच्या बरोबर मध्यभागी टांगा. या मापात बल्बपासून कागदापर्यंत सगळीकडून ७ सेंटीमीटर अंतर सहज राहतं. होल्डरची वायर वरच्या आडव्या काडीला बांधा, म्हणजे बल्ब हलणार नाही.

आणखी चार गोष्टी:

• कंदिलाचं वजन दोरीवर असलं पाहिजे, वायरवर नाही. दोरी वरच्या चौकोनाच्या चारही कोपऱ्यांना बांधून वर एकत्र आणा.
• वायर अखंड घ्या. दोन तुकडे जोडून वर सेलोटेप लावणं टाळा. आयएसआय मार्क पाहूनच होल्डर आणि वायर घ्या.
• दिवाळीत परतीचा पाऊस कधीही येतो. कंदील छपराखाली, गॅलरीच्या आतल्या बाजूला टांगा. भिजला तर बटण बंद करून, प्लग काढूनच हात लावा.
• या कंदिलात पणती किंवा मेणबत्ती ठेवू नका. जुन्या फोटोंत ती दिसते, पण वाऱ्याच्या एका झोताने कागद पेट घेऊ शकतो.

हिशोब: स्वस्त कधी पडतो?

पहिल्या वर्षी काड्या, दोरा, वायर, होल्डर, बल्ब असं सगळं आणलं, तर खर्च बाजारातल्या छोट्या तयार कंदिलाइतका किंवा थोडा जास्तही होऊ शकतो. हे मान्य करायला हवं. 'घरी केलं म्हणजे फुकट' हा समज खरा नाही.

फरक दुसऱ्या वर्षापासून पडतो. सांगाडा आहे, वायर आहे, बल्ब आहे. आणायचे फक्त तीन ताव कागद आणि डब्यातला दोन चमचे मैदा. तिसऱ्या वर्षीही तेवढंच. एका वर्षापुरता आणलेला तयार कंदील दरवर्षी पूर्ण किमतीला घ्यावा लागतो.

म्हणून बजेट कमी असेल तर सजवण्यावर नाही, सांगाड्यावर खर्च करा. मोती आणि ग्लिटर एका दिवाळीचे. चांगल्या कामट्या अनेक दिवाळ्यांच्या.

दिवाळीनंतर ठेवायचा कुठे?

हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या वन रूम किचनमध्ये राहणाऱ्यांना चांगलाच कळतो. फूटभर रुंद कंदील माळ्यावर टाकला की वर्षभरात त्यावर पेटी, सूटकेस, जुनी गादी असं काहीबाही येतं आणि पुढच्या दिवाळीत काड्यांचा चुरा हाती लागतो. बरेच घरचे कंदील असेच संपतात.

सुरगाठींचा उपयोग इथे होतो. त्रिकोणांचा कागद काढा आणि १२ गाठी ओढून सोडा. कंदील पुन्हा ६ सपाट चौकोनांत सुटा होतो. चौकोनांवरचा कागद काढा, ओल्या फडक्याने खळ पुसा आणि काड्या पूर्ण वाळू द्या. ओल राहिली तर बुरशी धरते. मग सहाही चौकोन एकावर एक ठेवून वर्तमानपत्रात गुंडाळा. हे सगळं एका वहीएवढ्या जागेत मावतं. सोबत एका पिशवीत वायर, होल्डर आणि बल्ब ठेवा. पिशवीवर 'कंदील' असं लिहून ठेवलं तर पुढच्या वर्षी शोधाशोध होत नाही.

काढलेला पतंगी कागद कोरडा असेल तर रद्दीत जातो. सोनेरी पट्टीला प्लास्टिकचा थर असेल तर ती वेगळी काढा.

उरलेल्या सामानातून आणखी काय होईल?

दाराचं तोरण: पतंगी कागदाचे उरलेले तुकडे सारख्या मापाच्या त्रिकोणांत कापा. वरची कड सुतळीवर दुमडून खळीने चिकटवा. जुन्या साडीचे काठ असतील तर कागदाऐवजी तेच घ्या. ते धुता येतात आणि गणपतीलाही चालतात.

पणत्या: साध्या मातीच्या पणत्या रात्रभर पाण्यात भिजवून, नंतर उन्हात वाळवा. कोरी पणती तेल पिते, भिजवलेली कमी पिते. वरून गेरू लावून, गेरू वाळल्यावर तांदळाच्या पिठाच्या दाट पाण्याने काडीने ठिपके द्या. रंग फक्त बाहेरच्या बाजूला. आत आणि वातीच्या टोकाशी ऑइल पेंट किंवा ग्लिटर लावलं तर ते जळतं आणि वास येतो.

किल्ला: अंगण असेल तर विटा, दगड, जुनं पोतं आणि माती. अंगण नसेल तर एका मोठ्या ट्रेमध्ये किंवा लाकडी फळीवर, पुठ्ठ्याच्या खोक्यांवर ओल्या मातीचा लेप. दिवाळीच्या सहा-सात दिवस आधी मातीवर अळीव किंवा मोहरी पेरा आणि रोज पाणी शिंपडा. वसुबारसेपर्यंत डोंगर हिरवा दिसतो. मावळे दरवर्षी नवे आणायची गरज नाही, तेही त्या 'कंदील' पिशवीत राहतात.

परदेशात असाल तर?

अमेरिकेत, युरोपात किंवा आखाती देशांत राहणाऱ्या मराठी घरांना कामट्या मिळत नाहीत. पण बार्बेक्यूच्या १२ इंची बांबूच्या काड्या जवळपास प्रत्येक सुपरमार्केटमध्ये असतात आणि पतंगी कागदाऐवजी भेटवस्तू गुंडाळायचा पातळ टिश्यू पेपर चालतो. तो आणखी नाजूक असतो, म्हणून खळ अगदी पातळ लावा. भाड्याच्या घरात बाहेर वायर टांगायला परवानगी नसेल, तर बॅटरीवर चालणारी छोटी एलईडी माळ आत सोडा. उजेड कमी पडतो, पण कंदील खिडकीत लावता येतो.

मग विकतचा घेऊच नये का?

असं अजिबात नाही. प्रत्येकाकडे तीन संध्याकाळी मोकळ्या नसतात. बांबू आणि कागदाचे कंदील करून विकणारी अनेक कुटुंबं आणि बचत गट आहेत. या एका सणावर त्यांच्या वर्षाच्या कमाईचा मोठा भाग अवलंबून असतो. विकत घ्यायचाच असेल तर त्यांचा घ्या आणि घेताना एक गोष्ट तपासा: सांगाडा बांबूचा किंवा तारेचा, पुन्हा कागद लावता येईल असा आहे का? असेल तर तो एका वर्षाचा खर्च नाही. पुढच्या वर्षी फक्त कागद बदला.

नेहमी पडणारे प्रश्न

किती वेळ लागतो?
पहिल्यांदा करणाऱ्यांनी तीन संध्याकाळी धराव्यात. पहिल्या दिवशी चौकोन, दुसऱ्या दिवशी कागद आणि जोडणी, तिसऱ्या दिवशी झिरमिळ्या आणि दिवा. घाईत ओल्या खळीवरच पुढचं काम केलं की कागद सुरकुततो.

कागद फाटला तर?
पूर्ण कागद काढू नका. त्याच रंगाचा छोटा तुकडा आतून लावा. दिवा लागल्यावर थोडा गडद दिसेल, एवढंच.

कंदील एका बाजूला कलतो आहे. काय करायचं?
बहुतेक वेळा टांगायच्या चार दोऱ्यांपैकी एक लांब असते किंवा होल्डर मध्यभागी नसतो. आधी तेवढं तपासा.

मुलांना कोणतं काम द्यावं?
कागद दुमडणं, खळ लावणं, झिरमिळ्या कापणं आणि रंग निवडणं. काड्या कापणं आणि वायरचं काम मोठ्यांचं. झिरमिळ्या वाकड्या कापल्या गेल्या तर तशाच राहू द्या. वाऱ्यावर हलायला लागल्या की कुणाच्या लक्षात येत नाही.

मागच्या वर्षीचा मोडका तयार कंदील पडून आहे. तो वापरता येईल का?
त्याचा सांगाडा तारेचा किंवा काड्यांचा असेल तर नक्की. जुना कागद किंवा कापड काढा, गंज असेल तर पॉलिश पेपरने घासा आणि वर सांगितल्याप्रमाणे पतंगी कागद लावा. घरचा पहिला कंदील करून पाहायचा असेल, तर सगळ्यात कमी खर्चाची सुरुवात हीच आहे.